उबेचा हिशेब आणि भिंतींची मालकी



ऊर्जेच्या बचतीचा विषय निघाला की राज्यकर्त्यांकडून आणि त्यांच्या सल्लागारांकडून बहुधा एकच उत्तर येते : दर वाढवा, लोक आपोआप जपून वापरू लागतील. या उत्तरात तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. फुकटाच्या मोलाने मिळणारी वस्तू उधळली जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. परंतु दर वाढल्यानंतर जपून वापरण्याचे साधन माणसाच्या हाती असते काय, हे तपासल्याखेरीज ते उत्तर पुरे होत नाही. ते न तपासता केलेल्या दरवाढीचे काय होते, याचा धडा पूर्व युरोपातील युक्रेन या देशाने दिला आहे. तो बारकाईने समजून घेण्याजोगा आहे.

युक्रेनमध्ये ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे वर्षाचे जवळजवळ सहा महिने, घरे तापवावी लागतात. तिथे ऊब ही चैन नव्हे. अन्न आणि निवारा यांच्याच पंक्तीत बसणारी ती गरज आहे. सोव्हिएत राजवटीने ही गरज सामुदायिक पद्धतीने भागवली. नोव्हेंबर १९५५ मध्ये बांधकामातील ‘अतिरेका’वर टीका करणारा ठराव निघाला. त्यानंतर कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तयार भिंती जोडून पाच-पाच मजली इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. सामायिक खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या लक्षावधी कुटुंबांना त्यामुळे प्रथमच स्वतंत्र घर मिळाले. क्रुश्चॉव्हच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इमारतींची आज कोणी कितीही थट्टा केली तरी ही कामगिरी सामान्य नव्हती. पण भिंती पातळ ठेवल्या गेल्या. इंधन स्वस्त होते आणि ते तसेच राहील, हे गृहीत धरले गेले होते.

शहरातील मोठ्या बॉयलरमध्ये पाणी तापवावयाचे, ते जमिनीखालच्या नळांतून इमारतींपर्यंत न्यावयाचे आणि तेथून उभ्या नळांनी मजल्यामजल्यावर चढवावयाचे, अशी ही व्यवस्था. एकेका घरातून असे तीन-चार उभे नळ जातात आणि प्रत्येक नळ वरच्या व खालच्या घरांशी जोडलेला असतो. त्यामुळे एका घराने किती उष्णता घेतली हे मोजणे अवघड आणि एका घराची उष्णता कमी-जास्त करणे त्याहून अवघड. नळाला चावीच नाही. आकारणी घराच्या चौरस मीटरवर. बाहेर ऊन पडले आणि घर फार तापले, तर खिडकी उघडावयाची, हाच एक उपाय. खिडकी उघडणारा तो रहिवासी उधळा नव्हता. उष्णता आवरण्याचे दुसरे कोणतेही साधन व्यवस्थेने त्याला दिलेले नव्हते.

१९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा नैसर्गिक वायूचा वार्षिक वापर सुमारे ११८ अब्ज घनमीटर होता. देशातील उत्पादन पुढील काळात वीस अब्ज घनमीटरांच्या आसपास राहिले. उरलेली गरज आयातीवर, मुख्यतः रशियाच्या मार्गावर अवलंबून होती. जानेवारी २००६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २००९ मध्ये रशियाने पुरवठा तोडला, तेव्हा हे परावलंबन किती घातक आहे ते सर्व युरोपाला कळून चुकले. पातळ भिंतीतून बाहेर जाणारी उष्णता ही अशा रीतीने केवळ घरखर्चाची बाब राहिली नाही. ती राष्ट्राच्या स्वातंत्र्याशी निगडित झाली.

याच काळात दुसरी एक घटना घडली. तिची चर्चा कमी होते, पण परिणाम दूरगामी आहेत. जून १९९२ च्या कायद्याने सरकारी घरे रहिवाशांच्या मालकीची झाली. दर माणशी २१ चौरस मीटर आणि दर कुटुंबामागे आणखी १० चौरस मीटर जागा विनामूल्य देण्यात आली. घरातील जमीन आणि दार यांना मालक मिळाला. छप्पर, जिना, तळघर, बाहेरची भिंत आणि उभे नळ यांना मात्र खरा वाली उरला नाही. नगरपालिकेची देखभाल कार्यालये जुन्याच पद्धतीने, पण आटलेल्या पैशात, चालत राहिली. सहमालकांच्या संघांसंबंधीचा कायदा येण्यास नोव्हेंबर २००१ उजाडले आणि त्यानंतरही असे संघ फार सावकाश स्थापन झाले. जी मालमत्ता सर्वांची म्हणून होती ती कोणाचीच नाही अशी झाली. आणि उष्णता गळत होती ती नेमकी तेथूनच.

ही तूट भरून काढण्यासाठी प्रत्येक सरकारने वायू स्वस्त ठेवला. नाफ्तोगाझ ही सरकारी कंपनी महाग आयात करून घरगुती ग्राहकांना स्वस्तात देत राहिली. २०१४ मध्ये या कंपनीची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेपाच टक्क्यांच्या वर गेली. स्वस्ताई गरिबांसाठी आहे, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात ज्याचे घर मोठे तो अधिक वायू जाळी आणि सरकारी तिजोरीतून अधिक अनुदान उचली. शिवाय घरगुती वापराच्या नावाने स्वस्तात घेतलेला वायू उद्योगांकडे चढ्या दराने वळवण्याची वाट मोकळी राही. समाजवाद्यांनी या अनुदानाचे समर्थन करण्याचे काहीच कारण नाही. माणसाला दिलेली मदत आणि जळालेल्या इंधनाला दिलेली मदत यांत मूलतः भेद आहे.

२०१४ मध्ये क्रिमिया रशियाने बळकावला, पूर्वेकडे युद्ध पेटले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या अटींनुसार दरवाढ सुरू झाली. मे २०१४ पूर्वी छोट्या घरगुती ग्राहकाला हजार घनमीटर वायू सुमारे ७२५ रिव्न्यांना मिळत होता. मे २०१६ पासून सर्वांसाठी एकच दर झाला, ६,८७९ रिव्न्या. दोन वर्षांत नऊपट! याच अवधीत डॉलरचा भाव सुमारे आठ रिव्न्यांवरून पंचविसापर्यंत चढला होता. डॉलरमध्ये मोजले तर वाढ तिपटीची भरते. पण पगार आणि निवृत्तिवेतन डॉलरमध्ये मिळत नव्हते. २०१५ च्या एका वर्षात महागाई ४३ टक्क्यांनी वाढली.

असंतोष भडकू नये म्हणून घरखर्चाची सबसिडी विस्तारण्यात आली. २०१६ मध्ये साठ लाखांहून अधिक कुटुंबे ती घेत होती. एका हाताने बाजारभाव लादावयाचा आणि दुसऱ्या हाताने देशातील मोठ्या हिश्शाला अर्जदार बनवावयाचे, असा हा प्रकार होता. ही सबसिडी बिलाशी जोडलेली होती आणि पैसा थेट पुरवठादाराकडे जाई. कुटुंबाने कमी उष्णता वापरली तर त्याच्या पदरात फार थोडे पडे. २०१९ पासून ती रोख देण्यास आरंभ झाला, पण तोवर मोलाची वर्षे निघून गेली होती.

या दरवाढीच्या समर्थनार्थ एक आकडा हिरिरीने पुढे केला जातो. २०१३ मध्ये सुमारे ५० अब्ज घनमीटर असलेला वायूचा वापर २०१५ मध्ये सुमारे ३४ अब्जांवर आला आणि नोव्हेंबर २०१५ पासून रशियाकडून थेट खरेदी थांबली. परावलंबन तुटले, ही गोष्ट निःसंशय मोठी. पण वापरातील ही सारी घट कार्यक्षमतेच्या खात्यावर मांडता येत नाही. दोन्बासचे पोलाद व रसायन कारखाने युद्धात बंद पडले वा हातचे गेले. २०१५ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न जवळजवळ दहा टक्क्यांनी घसरले. आणि किती घरांत लोक कोट घालून बसले, याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. तितकीच ऊब कमी इंधनात मिळणे ही कार्यक्षमता. इंधन परवडत नाही म्हणून ऊब सोडून देणे ही वंचना. आकडेवारीच्या वहीत दोन्हींची नोंद एकाच रकान्यात, ‘बचत’ म्हणून होते. अर्थशास्त्राने हा भेद विसरणे अक्षम्य आहे.

सरकारने काहीच केले नाही, असेही नाही. २०१४ च्या शरद ऋतूत ‘उबदार कर्ज’ नावाची योजना सुरू झाली. घराला उष्णतारोधक आवरण घालण्यासाठी वा खिडक्या बदलण्यासाठी सरकारी बँकांतून कर्ज घ्यावयाचे आणि मुद्दलाचा काही भाग सरकारने फेडावयाचा. लक्षावधी कुटुंबांनी तिचा लाभ घेतला. पण ज्याला बँक दारात उभी करते त्यालाच ती खुली होती. शिवाय भिंतीचा मालक ठरलेला नसल्याने ऐपतदार रहिवाशाने आपल्या घरापुरतीच बाहेरची भिंत थर्मोकोलसारख्या पाट्यांनी मढवून घेतली. युक्रेनच्या शहरांत नऊमजली राखाडी भिंतीवर मधेच एखादा पांढरा, एखादा पिवळा चौकोन डकवलेला दिसतो तो असा. तेथील लोक याला ठिगळांचे आवरण म्हणतात. वरच्या मजल्यावर शिक्षक, मधे व्यापारी, खाली निवृत्त परिचारिका, चौकोन व्यापाऱ्याचा. इमारतीच्या एकूण गळतीत त्यामुळे फारसा फरक पडत नाही, कारण उष्णता चौकोनाच्या कडांवरून, जिन्यातून आणि छतातून जातच राहते. वैयक्तिक प्रोत्साहनाच्या सिद्धान्ताची मर्यादा याहून स्पष्टपणे कोणत्या पुस्तकात मांडलेली नसेल.

शेजारच्या पोलंडकडे पाहिले म्हणजे उणीव कोठे होती ते कळते. इमारती त्याच जातीच्या, हवामान थोड्याफार फरकाने तेच. परंतु पोलंडमध्ये गृहनिर्माण सहकारी संस्था टिकून राहिल्या. भिंतीच्या वतीने कर्ज घेणारी, सही करणारी आणि सभासदांना जाब देणारी संस्था अस्तित्वात होती. डिसेंबर १९९८ मध्ये तेथे इमारतींच्या उष्णता-सुधारणेचा कायदा झाला. तज्ज्ञाकडून इमारतीचा ऊर्जा-हिशेब करून घ्यावयाचा, बँकेतून कर्ज काढावयाचे, आणि काम पुरे झाल्यावर कर्जाचा ठरावीक हिस्सा सरकारी निधीने भरावयाचा, अशी रीत बसली. संपूर्ण इमारती आवरणाखाली आल्या. दर तेथेही वाढले. पण मोजण्याचे मीटर, नळाच्या चाव्या आणि कर्ज उचलणारी संस्था दराच्या बरोबरीने पुढे सरकत होत्या.

युक्रेनला हे उमगले, पण उशिरा. २०१५ मध्ये सहमालकांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. जून २०१७ मध्ये इमारतींच्या ऊर्जा-कार्यक्षमतेचा, उष्णता व पाणी मोजण्याचा आणि ऊर्जा-कार्यक्षमता निधीचा, असे तीन कायदे एकाच महिन्यात संमत झाले. या निधीला युरोपीय संघ आणि जर्मनी यांनी साहाय्य केले. त्याची अट अशी की, मदत एकट्या घराला मिळणार नाही, सहमालकांच्या संघाला मिळेल, आणि ती साऱ्या इमारतीसाठी असेल. पहिली योजना २०१९ मध्ये सुरू झाली. म्हणजे नऊपट दरवाढ आधी आणि इमारत सुधारण्याचे साधन तीन वर्षांनी. गाडी आधी आणि बैल मागून, असाच हा क्रम होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने सर्वंकष आक्रमण केले आणि या प्रश्नाला जीवनमरणाचे रूप आले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरपासून वीजकेंद्रांवर आणि उपकेंद्रांवर क्षेपणास्त्रांचे पद्धतशीर हल्ले सुरू झाले. २०२४ च्या वसंत ऋतूतील हल्ल्यांत सुमारे नऊ हजार मेगावॅट क्षमता हातची गेली. ११ एप्रिल २०२४ रोजी कीव्हजवळचे त्रिपिल्या औष्णिक केंद्र उद्ध्वस्त झाले. उष्णता-पुरवठा बंद पडतो तेव्हा आवरण घातलेली इमारत बराच काळ तग धरते. उघड्या भिंतींची इमारत लवकर गारठते आणि नळ फुटतात. अशा वेळी भिंतीवरचे आवरण हेही संरक्षणाचेच साधन ठरते.

याच काळातील एक छोटी गोष्ट बोलकी आहे. जानेवारी २०२३ पासून टपाल कचेरीत जुने तारेचे दिवे द्यावयाचे आणि पाच एलईडी दिवे विनामूल्य घ्यावयाचे, अशी योजना युरोपीय संघाच्या मदतीने राबवण्यात आली. लोकांनी रांगा लावल्या. दिवा ही अशी वस्तू की, माणसाला ती स्वतःच्या हाताने बदलता येते. साधन हाती दिले की सामान्य माणूस बचत करतो, त्यासाठी त्याला शिक्षा करावी लागत नाही, हे यातून दिसले. भिंत मात्र एकट्याला बदलता येत नाही. तेथे संघटनाच हवी.

दुसरीकडे, युद्धामुळे जुलै २०२२ मध्ये वायू व उष्णतेचे घरगुती दर कायद्याने गोठवण्यात आले. संकटकाळात ते अपरिहार्य होते. पण वाढती तूट कोणाच्या तरी खात्यावर साचतेच. ती वसूल करण्याची वेळ येईल तेव्हा २०१४ चीच चूक पुन्हा होण्याचा धोका आहे. तसेच मोडलेल्या इमारती उभ्या करताना घाईने त्याच पातळ भिंती आणि तेच बिनचावीचे नळ बसवले गेले, तर पुढील पन्नास वर्षांची उधळपट्टी आजच बांधून ठेवल्यासारखे होईल.

समाजवादी कार्यकर्त्याने यातून क्रमाचा बोध घ्यावयाचा. आधी मोजमाप आणि नळाची चावी. मग सामायिक भिंतीची जबाबदारी घेणारी, लोकशाही पद्धतीने चालणारी संस्था. मग सार्वजनिक भांडवल, आणि तेही ज्याची पत नाही त्याला अधिक. या तीन गोष्टी झाल्या म्हणजे दराचा प्रश्न उघडपणे, लोकांसमोर हिशेब मांडून सोडवता येतो आणि अनुदान इंधनाकडून माणसाकडे वळवता येते. ‘दर वाढवू नका’ एवढीच घोषणा देणारी चळवळ मोठ्या घराच्या उधळपट्टीला नकळत संरक्षण देते, आणि केवळ ‘दर वाढवा’ म्हणणारा अर्थशास्त्रज्ञ थंडीत कुडकुडणाऱ्या वृद्धेच्या वंचनेला कार्यक्षमता म्हणतो. दोघांनीही त्या भिंतीचा मालक कोण, हे विचारलेले नसते. तो प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर इमारतीइमारतीत संघटनेने उभे करणे, हे काम चळवळीचे आहे.