मागावरचा श्वास आणि कायद्याचा पुरावा



भिवंडीच्या यंत्रमागावर वीस वर्षे काढलेला कामगार खोकत दवाखान्यात जातो, तेव्हा त्याला क्षय, विडी किंवा दमा यांपैकी एक कारण सांगितले जाते. तो काम कोठे करतो, हे क्वचितच विचारले जाते.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकारास बायसिनोसिस म्हणतात. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड शिलिंग यांनी 1950 च्या दशकात लँकेशायरमधील गिरणी कामगारांना तपासून त्याच्या निदानाची पद्धत घालून दिली. तिचे मर्म एका साध्या प्रश्नात आहे : साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतल्या दिवशी छाती आवळते काय? आरंभी त्रास त्या एकाच दिवशी होतो. पुढे तो आठवडाभर पुरतो आणि अखेर कायमचा जडतो. ज्याची सुट्टी शुक्रवारी, त्याचा हा दिवस शनिवार. त्या दिवशी पाळीपूर्वी व पाळीनंतर श्वासमापक यंत्रात जोराने फुंकावयाचे. पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेतील घट आकड्यांत दिसते. क्ष-किरणात या रोगाची स्वतंत्र खूण उमटत नाही. आरंभीच धुळीपासून दूर केल्यास कामगार सावरतो. उशीर झाल्यास औषध केवळ आराम देते.

पिंजण खात्याच्या मानाने मागावर धूळ कमी असते, आणि भिवंडीत कृत्रिम धागाही विणला जातो. म्हणून प्रत्येक खोकल्याला बायसिनोसिस म्हणणे अशास्त्रीय होईल. थुंकीची तपासणीही झालीच पाहिजे. परंतु मोजल्यावाचून 'नाही' म्हणणे तितकेच अशास्त्रीय आहे. मुंबईच्या एका कापड गिरणीतील बायसिनोसिसवर डॉ. व्ही. मुरलीधर व सहकाऱ्यांचा अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. मुंबईत जे मोजता आले, ते भिवंडीत का मोजू नये?

उत्तर अर्थशास्त्रात आहे. नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याच्या अनुसूचीत हा रोग व्यवसायजन्य म्हणून नोंदलेला होता. परंतु भरपाईसाठी मालक सिद्ध व्हावा लागतो, आणि हजेरीपुस्तकात नाव नसलेल्याचा मालक कोण? 1948 च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची मर्यादा होती. 2020 च्या संहितेने ती वीसवर नेली. एकाच छपराखाली माग वेगवेगळ्या नावांवर दाखविले, की कारखाना कागदावरून नाहीसा होतो. धूळ तेवढी उरते. तिची किंमत कापडाच्या भावात नसते, ती कामगाराच्या घरखर्चातून वसूल होते.

अमेरिकेत 1978 साली कापसाच्या धुळीवर मर्यादा आली. गिरणीमालक खर्चाचा हिशेब घेऊन न्यायालयात गेले. 1981 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की शक्य तेवढे संरक्षण देणे हे कायद्याचे बंधन आहे. त्यासाठी लाभ-खर्चाचा ताळा जुळविण्याची गरज नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. प्रत्येक कामगाराची वही असावी : कोणत्या मालकाकडे, कोणत्या धाग्यावर, किती वर्षे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी श्वासमापनाची सोय सरकारी दवाखान्यात व्हावी, ही मागणी वेतनाच्या मागणीबरोबरच मांडली जावी. डॉक्टरचे निदान आणि कामगाराची वही एकत्र आली, तरच खोकल्याचा पुरावा होईल.