हौशी नाटकवाल्यांची सांगली



आपल्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. इथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८९९ चं 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. त्यांच्याच नावाची 'देवल स्मारक मंदिर' ही आपली हौशी संस्था संगीत नाटकं करत आली आहे.

बोलपट आले आणि मोठमोठ्या नाटक मंडळ्या एकेक करून बंद पडल्या. संगीत नाटक टिकलं, ते बऱ्याच अंशी हौशी मंडळींमुळे. दिवसा बँकेत नाहीतर शाळेत नोकरी, रात्री तालीम. मानधन नाही, उलट वर्गणी आपलीच! पण गाणारे नट, ऑर्गन, तबला हे सगळं जमलं तरी रोज बसायला जागा लागते. जागा गेली की तालीम थांबते आणि तालीम थांबली की संस्था थांबते.

मी बँकवाला, हिशेबाने बोलतो. आपला हॉल लग्न-बारसं सोडलं तर रात्री कुलूपबंद असतो. पंचविशीनिमित्त एवढा ठराव करा, आठवड्यातून दोन रात्री तो हौशी नाटकवाल्यांना विनामूल्य द्यावा. दहाला गाणं बंद, ही अट घाला. तरी आवाजाची तक्रार आलीच तर माझ्याकडे पाठवा.