दोन रंगांची गुराब



जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्यांचा मेळावा पनवेलजवळच्या विचुंब्यात कशाला, असे दोघातिघांनी मला विचारले. इथे बंदर नाही, हे खरे. गाढी नदी आहे. पण ही गाढी पुढे पनवेलच्या खाडीला मिळते, आणि एके काळी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलच्या धक्क्यावर उतरत असे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, त्याचे या बाजूचे टोक पनवेलच होते. शिवाय गाड्यांची चाके बनवणे हा पनवेलचा मुख्य धंदा, अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. लाकूड आणि पाणी दोन्ही ओळखणाऱ्या तालुक्यात आपण बसलो आहोत. जागा चुकलेली नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्यापैकी अनेकांनी मुंबईच्या गोदीत घडलेल्या ‘ट्रिंकोमाली’ची प्रतिकृती केली आहे किंवा करायला घेतली आहे. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली ही सागवानी फ्रिगेट १८१७च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली. तिचे आराखडे इंग्लंडहून ज्या ‘जावा’ जहाजातून निघाले होते, ते जहाज १८१२च्या डिसेंबरात अमेरिकनांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ पकडून जाळले. मग दुसरी नक्कल पाठवावी लागली. एवढे होऊनही आज आराखडे आहेत आणि जहाजही आहे, इंग्लंडात हार्टलपूलला, पाण्यावर. तोफांचा मजला सुमारे १५० फूट, म्हणजे १:४८ या प्रमाणात ९५ सेंटिमीटर. शंका आली तर जाऊन फीत लावता येते. हे काम चिकाटीचे आहे, नजरेचे आहे. पण त्यात इतिहासाशी भांडण नाही.

भांडण आहे ते गुराब या लढाऊ जहाजाशी. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा कणा असलेली गुराब आज कुठेही उभी नाही. १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली आंग्र्यांच्या ताफ्याला आग लागली, आणि त्या वेळी इंग्रजांच्या बाजूला पेशवे होते, हे आपल्याला वाचायला आवडत नाही. आराखडा जळाला असे म्हणण्यातही अर्थ नाही, कारण तो कागदावर असेलच असे नाही. आपल्या किनाऱ्यावरचा मिस्त्री डोळ्यांनी आणि हातांनी होडी बांधत आला आहे.

मग हातात काय उरते? मुख्यतः रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात केलेले वर्णन. शत्रुपक्षाचा माणूस, पण नजर चांगली. तो सांगतो की गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांची. लांबीच्या मानाने ती फार रुंद, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत गेलेली. पुढे गोल नाळ नाही, तर भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब सोंड. समोरची लाट आली की ती फार आपटे, म्हणून सोंडेवरच्या तक्तपोशीला कठडा ठेवलेला नसे. चढलेले पाणी सरळ वाहून जावे. आणि सोंडेमागच्या आडव्या भिंतीतल्या खिडक्यांतून ९ किंवा १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा सोंडेवरून पुढे मारा करत.

आता बाजारात जाऊन पाहा. मराठा आरमाराचे जहाज म्हणून जे विकले जाते, त्याच्या सोंडेला नक्षीदार कठडा असतो, मागे तीन मजल्यांची माडी असते, आणि सगळ्या काठ्यांवर चौकोनी शिडे. स्पॅनिश गॅलियनला भगवा लावला की आरमार तयार! वर वॉर्निशचे तीन हात. मला त्या विक्रेत्यावर राग नाही. पण सत्कारसमारंभांत हेच जहाज काचेच्या पेटीतून दिले जाते आणि शाळेतल्या मुलाच्या डोक्यात तीच गुराब बसते, याचे वाईट वाटते.

पण आपणही सुटत नाही. ऑर्म टन सांगतो, फुटांत लांबी सांगत नाही. पाण्याखालचा तळ किती गोल, मागची बाजू कशी मिटलेली, यावर गप्प आहे. कल्याण-भिवंडीला शिवाजीमहाराजांनी जहाजे बांधायला घेतली तेव्हा पोर्तुगीज कारागीर कामाला होते आणि नंतर सोडून गेले, हे कळते. पण त्यांच्या हाताचे वळण पुढच्या जहाजांत किती उतरले, ते कोण सांगणार? इतिहास लिहिणारा अशा जागी ‘साधारणतः’ लिहून पुढे जातो. आपल्याला ती सोय नाही. फळी कुठेतरी वाकवावीच लागते, आणि ती वाकवली की आपण एक विधान केलेले असते.

म्हणून माझी सूचना अशी. ज्याला पुरावा आहे तो भाग सागात करा. जो आपण अंदाजाने केला तो हेदाच्या फिकट, पिवळसर लाकडात. हेदाचा पोत बारीक असतो, छोट्या प्रमाणात तो सागापेक्षा सरस तासला जातो, तेव्हा कारागिरीचे नुकसान नाहीच. सोंड आणि तिच्यामागची तोफांची भिंत गडद येईल, पाण्याखालचा बराचसा भाग फिकट. दिसायला विचित्र होईल, असे काहीजण म्हणतील. होऊ द्या. इंग्रजी आरमाराच्या कचेरीसाठी १:४८ प्रमाणात केलेल्या जुन्या प्रतिकृतींत पाण्याखालच्या फळ्या बसवलेल्याच नसत, आतल्या बरगड्या उघड्या दिसत. आज त्यांना कुणी अर्धवट म्हणत नाही.

अंदाज करूच नये, असे मी म्हणत नाही. अजिंठ्याच्या चित्रांतल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यात काथ्याने शिवून ‘कौंडिण्य’ बांधले गेले आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात आले. चित्रातून खोली कळत नाही. म्हणून आयआयटी मद्रासच्या समुद्र अभियांत्रिकी विभागाची मदत घेऊन ते पाण्यात कसे वागेल हे तपासले गेले. तिथे चुकीचा अंदाज बुडवू शकत होता. आपला अंदाज काचेत बसतो, त्याला कुणी बुडवत नाही, म्हणून त्याची शहानिशा आपणच करायला हवी.

पुरावा अजून शिल्लक आहे आणि तो जवळच आहे. बोरिवलीजवळच्या एकसरला वीरगळांवर वल्ह्यांची लढाऊ जहाजे कोरलेली आहेत. ती गुराबेच्या कितीतरी आधीची, पण आपल्याच किनाऱ्याची. आणि करंजा, मोरा, रेवस या बाजूला एखादा जुना लाकडी मचवा अजून किनाऱ्यावर ओढून ठेवलेला दिसतो. फायबरच्या होड्या आल्यापासून त्याची डागडुजी कुणी करत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत तो सरपण होईल.

तेव्हा उरण आणि अलिबागकडून आलेल्यांना माझी विनंती आहे. चहानंतर मोजमापाचा एक तक्ता वाटला जाईल. पठाणाची, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईची लांबी, दर हातभर अंतरावरची रुंदी आणि खोली, लाकूड कुठले, आणि मिस्त्री हयात असेल तर त्याने वाक कसा ठरवला, असे त्यात रकाने आहेत. मापे घेण्याआधी मालकाला विचारा. आणि शेवटचा रकाना मुद्दाम मोठा ठेवला आहे. मिस्त्रीचे बोलणे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या.