उसना दरवाजा



आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर. म्हणून आजचा विषयही आम्ही फाटकावरूनच सांगणार.

तीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या वसाहतीत युनियनचे पत्र पोचत नसे. दरवान पत्ता पाही आणि पाकीट फाडून टाकी. तेव्हा आम्ही आमचे पाकीट दुसऱ्या पाकिटात घातले आणि वर वसाहतीतल्या वाण्याचे नाव लिहिले. दरवानाने ते सोडले.

इंटरनेटवर ज्याला प्रॉक्सी म्हणतात, तो हाच वाणी. सरकारने एखादी वाट बंद केली, की माणूस आपले मागणे सांकेतिक लिपीत बंद करून बाहेरच्या यंत्राकडे धाडतो. ते यंत्र पुढे पोचवते.

सप्टेंबर २०२२ मध्ये इराणात पोलिसांच्या ताब्यात असताना महसा अमिनी ही तरुणी वारली. लोक रस्त्यावर आले. सरकारने इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप अडवले. सिग्नल आधीच अडवलेले होते. ऑक्टोबरात असलुयेच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पातले कंत्राटी कामगारही निषेधाला उतरले. त्या दिवसांत सिग्नलने जगाला हाक दिली : आमच्यासाठी प्रॉक्सी चालवा. टॉरचे स्नोफ्लेक तर साध्या ब्राउझरात बसते. मग आपले यंत्र परक्या माणसाचा दरवाजा होते, आणि पहारेकऱ्याला ते व्हिडिओवरचे बोलणे वाटते. हजारो अनोळखी माणसांनी असे दरवाजे उसने दिले.

पण आमचा वाणी एके दिवशी फुटला. मालकाला नावे कळली, तीन गडी कामावरून गेले. म्हणून विचारावे लागते, वाणी कोणाचा? फुकटच्या व्हीपीएनचा मालक आपली सारी ये-जा पाहू शकतो. टॉरमध्ये निरोप तीन हातांतून जातो. पहिल्याला पाठवणारा ठाऊक, मुक्काम नाही. शेवटल्याला मुक्काम ठाऊक, पाठवणारा नाही. सर्व गुपित एकाच्या पोटात ठेवू नये, हा धडा आम्ही तीन संसार उघड्यावर पडल्यावर शिकलो.

आणि फाटकच भिंत झाले तर? नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोल महागल्यावर इराणात निदर्शने झाली, तेव्हा सरकारने देशाचे इंटरनेट सुमारे आठवडाभर जवळजवळ पुरते तोडले. तिथे वाणी काय करणार? तिथे शेजाऱ्याचाच कान आणि शेजाऱ्याचाच खांदा.

तेव्हा यंत्राची पूजा नको. पण ज्यांचे फाटक आज उघडे आहे, त्यांनी आपला दरवाजा उसना द्यावा. संपात आम्ही परगावच्या कामगारांच्या चुलीसाठी पीठ गोळा केले, तेव्हा त्यांची नावे कुठे विचारली होती?