तळपायावरील काळा डाग
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संमेलनाच्या मंगल प्रसंगी कर्करोगाचे नाव काढणे काहींस रुचणार नाही. तथापि ज्याचा आरंभ डोळ्यांस दिसतो आणि आरंभीच ओळखल्यास जो बहुधा पूर्ण बरा होतो, अशा रोगाविषयी मौन पाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. हा रोग म्हणजे मेलॅनोमा. त्वचेस रंग देणाऱ्या पेशींपासून तो उद्भवतो.

हा गोऱ्या लोकांचा रोग, अशी समजूत आहे. गौरवर्णीयांत तो अधिक आढळतो व आपल्याकडे विरळ आहे, हे खरे. परंतु सावळ्या वर्णाच्या लोकांत तो होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. म्हणजे जेथे सहसा कोणी पाहत नाही तेथे. जमैकाचे विख्यात गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हाच रोग आढळला, आणि १९८१ साली वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

आपल्या घरांत अशा डागाचे काय होते? कोणी त्यास कुरूप म्हणतो, कोणी ठेचेने साकळलेले रक्त म्हणतो. कोणी पायावर तीळ म्हणजे प्रवासयोग, असे मानून स्वस्थ बसतो. चुना व सोडा लावून तो जाळण्याचेही प्रयत्न होतात. अशाने वरचा डाग पुसट होतो, आत रोग मात्र वाढत राहतो, आणि डॉक्टरांनी ओळखावयाची खूणच नाहीशी होते.

ती खूण पाहण्यासाठी डर्मोस्कोप नावाचे हातात मावणारे साधन आहे. त्यात सुमारे दहापट मोठे दाखविणारे भिंग व दिवा असतो. त्वचेवर तेल अगर जेली लावून किंवा विशिष्ट प्रकाशाच्या योगे पृष्ठभागाची चकाकी घालविली, की आतील रंगाची ठेवण दिसू लागते. यात सुई नाही, वेदना नाही.

तळपायाची त्वचा सरी-वरंबे पाडलेल्या शेतासारखी असते. साध्या तिळाचा रंग बहुधा सरींत दिसतो. मेलॅनोमाचा रंग वरंब्यांवर पसरतो. घामाची छिद्रे वरंब्यांवरच ओळीने असतात, त्यावरून वरंबा ओळखता येतो. जपानी तज्ज्ञ तोशिआकी साइदा व त्यांचे सहकारी यांच्या २००४ सालच्या अभ्यासात ही वरंब्यांची खूण ८६ टक्के मेलॅनोमांत आढळली. साध्या तिळांत ती क्वचितच दिसली. उघड्या डोळ्यांस मात्र दोन्ही डाग सारखेच वाटू शकतात.

ही खूण दिसली नाही म्हणून रोग नाहीच, असे समजू नये. उलट मेंदीचा किंवा केसांच्या कलपाचा रंगही वरंब्यांवर बसतो. तेव्हा तो लावला असल्यास डॉक्टरांस सांगावे. अखेरचा निर्णय त्वचेचा तुकडा तपासूनच होतो.

१९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवून दिले, की या रोगाचे भवितव्य त्याच्या जाडीवर अवलंबून असते. ती १ मिलिमीटरच्या आत असता डाग काढला, तर बहुसंख्य रोगी बरे होतात. एवढ्या अंतरासाठी महिनोन्‌महिने दवडणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून आमची विनंती इतकीच : तळव्यावरील डाग नवा असेल, वाढत असेल, ७ मिलिमीटरांहून मोठा असेल, त्याच्या कडा वा रंग एकसारखे नसतील, तर तो त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावा. एकाच नखावरील काळी रेघ रुंदावून शेजारच्या कातडीवर उतरत असेल, तर तीही दाखवावी. कधी या रोगास रंगच नसतो. म्हणून न भरणारी जखम व वाढती लालसर गाठ यांचीही उपेक्षा करू नये.

वृद्ध मंडळींस वाकून स्वतःचे तळवे पाहता येत नाहीत, आणि आपली दुखणी सांगण्याचा त्यांस संकोच असतो. आपण त्यांच्या पाया पडतो, त्यांच्या पायांस तेल चोळतो. त्या वेळी तळव्यांकडेही क्षणभर पाहावे. ही सवय प्रत्येक घरात लागली, तर आमच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.