आचार्य, आचारी आणि यंत्र

(मीरा रोड येथे ठाणे-पालघर जिल्ह्यांतील शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात एका डिझायनरने केलेल्या भाषणाचा मुख्य भाग.)



कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच आहे. मी अक्षरे आणि फलक घडविणारा मनुष्य. तेव्हा जे मांडतो ती मते आहेत, सिद्धान्त नव्हेत.

आज येताना स्थानकावरील तिकीटयंत्रापाशी थोडा वेळ उभा राहिलो. अशा यंत्रांजवळ निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना साहाय्यक म्हणून नेमण्याची पद्धत रेल्वेने पाडली आहे. प्रवासी पैसे देतो, साहाय्यक बटणे दाबतो. सोय उत्तम आहे. परंतु ज्या यंत्राने खिडकीमागच्या माणसाचे काम हलके करावयाचे, त्याच्या शेजारी पुन्हा माणूस उभा करावा लागला, याची नोंद माझ्यासारख्याने घेतलीच पाहिजे.

याउलट उत्तनच्या कोळीण भगिनीच्या पाटीजवळची छोटी बोलकी पेटी पाहा. पैसे जमा होताच ती रक्कम मोठ्याने सांगते. बाईंचे हात माशांनी ओले, नजर गिऱ्हाइकावर. मोबाइल हाती घेऊन पडदा पाहणे त्यांना शक्यच नाही. म्हणून यंत्राने बोलावे, हे कोणाला तरी सुचले. शेजारच्या पुठ्ठ्यावरील काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाला, आणि २०१६ साली यूपीआय आल्यानंतर तो आपल्या मासळीबाजारात पोहोचला. मला या पेटीत जितकी बुद्धी दिसते, तितकी पुष्कळ महागड्या उपकरणांत दिसत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळतो. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आले आणि यंत्र वाक्ये रचू लागले. मीही ही साधने वापरतो. प्रारंभी चित्र काढणाऱ्या यंत्राला मराठी फलक मागितला, तर जोडाक्षरांच्या जागी अक्षरांसारखी दिसणारी नुसती नक्षी येई. ही चूक आता बरीच कमी झाली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण दुसरी एक चूक अधिक सूक्ष्म आहे, आणि तिची शिक्षा मी भोगली आहे.

एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या सूचना मी मोबाइलला तोंडी सांगितल्या. ‘आचाऱ्यांनी सकाळी सहाला यावे, आचार्यांनी नऊला.’ यंत्राने दोन्ही ठिकाणी ‘आचार्यांनी’ लिहिले. मी न वाचताच पुढे पाठविले. परिणामी प्रमुख पाहुणे, संस्कृतचे निवृत्त अध्यापक, पहाटे सहाला हजर आणि स्वयंपाकी नऊला! गुरुजी थोर मनाचे. त्यांनी हसून कांदे सोलावयास घेतले. मला मात्र मान वर करवेना.

असे का घडते? हे यंत्र पूर्वी पाहिलेल्या मजकुरावरून पुढे काय येण्याचा संभव अधिक, याचा अदमास बांधते. जो शब्द त्याने वारंवार पाहिला, तोच त्याला खरा वाटतो. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर त्याला फारच थोडा मिळालेला आहे. शिवाय त्याला अदमास आणि ज्ञान यांतील भेद बोलून दाखविता येतोच असे नाही. दोन्ही ते सारख्याच ठाम सुरात सांगते. कांदे सोलण्यावर भागले ते शाळेत. वारसनोंदीत वा शिधापत्रिकेत नावाचे एक अक्षर बदलले, तर कोणाची तरी वर्षे खेटे घालण्यात जातील.

मात्र यंत्र आपल्या लिपीपुढे नमत नाही, असे नाही. नमविणारा भेटावा लागतो. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत अध्यापन केलेले र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ टंक विंडोज २००० बरोबर देशभर पोहोचला. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये मराठीची वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित केली. ‘आचाऱ्या’तील तो चंद्रकोरीसारखा अर्धा र आज संगणकावर उमटतो, तो कोणीतरी मराठीची ही गरज आग्रहाने मांडली म्हणून. बोलक्या आणि लिहित्या यंत्रांबाबत तो आग्रह अजून पुरेसा झालेला नाही. तो गुरुजींनी आणि ग्रामसेवकांनी धरावा. कारण कोणते शब्द चुकतात हे कार्यालयाच्या पायरीवर जितके कळते, तितके माझ्या टेबलावर कळत नाही.

पंचायतीची नोटीस यंत्राकडून लिहून घेण्यास माझी हरकत नाही. वेळ वाचतो. ती लावण्यापूर्वी ज्याच्यासाठी आहे अशा एका ग्रामस्थाला वाचून दाखवा आणि त्याला काय समजले ते विचारा. मजकूर चुकल्यास कोणाकडे जावयाचे, त्या कर्मचाऱ्याचे नाव आणि वेळ तळाशी छापा, आणि तीही चष्म्याविना वाचता येईल अशा अक्षरांत. अशा नोटिशीचे दोन नमुने मी करून आणले आहेत. मागच्या टेबलावर ठेवले आहेत. जाताना पाहावेत, आणि काही चुकले असल्यास तेथेच पेन्सिलीने खूण करावी.