प्रश्न विचारल्यानंतरचे तीन सेकंद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शिक्षक होऊ पाहणाऱ्याच्या पिशवीतली सर्वांत जड वस्तू म्हणजे पाठ टाचणाची वही. उद्दिष्टं, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन असे तिचे रकाने. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात आम्ही सगळेच छात्राध्यापक एक वाक्य हमखास लिहायचो : ‘विद्यार्थी उत्तरे देतात.’ कोणते विद्यार्थी, किती वेळानं आणि कोणत्या भाषेत, यासाठी मात्र रकाना नसतो.

२०१५ पासून बी.एड. एका वर्षाऐवजी दोन वर्षांचं झालं आणि शाळेतली आंतरवासिता सोळा आठवड्यांची. सोळा आठवडे शाळेत काढले की मुलांची नावं तर पाठ होतातच, पण कोण कधी बोलत नाही, हेही कळायला लागतं.

माझी शाळा धुळे जिल्ह्यातल्या एका गावात होती. तिथले गणिताचे सर प्रश्न विचारून झाला की सावकाश हातावरची खडूची पूड झटकत उभे राहायचे. मला वाटलं, सवय असेल. विचारलं तर म्हणाले, “अहो, उत्तर यायला वेळ लागतो. तोवर हाताला काही काम नको का?”

आम्हाला एकमेकांच्या पाठांचं निरीक्षण करावं लागे. मागच्या बाकावर बसून मी घड्याळ लावलं. प्रश्न संपला की दुसऱ्या मुलाचं नाव येईपर्यंत बहुतेक वेळा सेकंदभरही जात नव्हता. पुढे वाचनात आलं की मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं तिकडच्या वर्गांत नेमकं हेच मोजलं होतं. शिक्षक तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलतात, असं तिला १९७० च्या दशकातच दिसलं होतं. आमच्या सरांनी हे वाचलेलं नव्हतं. त्यांना ते खडूच्या पुडीनं शिकवलं होतं.

सहावीला अपूर्णांक चालू होते. एक द्वितीयांश मोठा की एक चतुर्थांश? दोनापेक्षा चार मोठे, म्हणून ‘एक चतुर्थांश’ असा गलका झाला. मी हात झटकत उभा राहिलो. शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. शिक्षकांच्या खोलीत तिची गणना ‘ढ’ मध्ये झालेली. ती म्हणाली, “माले येस.” आणि अहिराणीत सांगू लागली. आजोबांच्या वावराचे चार भावांत चार वाटे झाले, म्हणून आमच्या वाट्याला थोडं आलं. दोनच भाऊ असते तर जास्त आलं असतं.

वर्ग आधी हसला, मग गप्प झाला. वाटणी बहुतेकांच्या घरात झालेलीच होती. वर्तुळाकृती पुठ्ठ्याचे मी कापून आणलेले तुकडे पिशवीतच राहिले.

निरीक्षक प्राध्यापकांचा शेरा आला : ‘विद्यार्थ्यांकडून प्रमाणभाषेत उत्तरे घ्यावीत.’ हा शेरा मला पूर्ण चूक वाटत नाही. परीक्षेचा कागद अहिराणीत येणार नाही, आणि त्या कागदाशी गाठ तिची आहे, माझी नाही. पण ‘प्रमाणभाषेत बोल’ असं त्या क्षणी म्हटलं असतं, तर ती खाली बसली असती, आणि उत्तरही तिच्याबरोबर खाली बसलं असतं. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातही शिक्षणाचं माध्यम शक्य तितकं मुलाची मातृभाषा असावं, असं कलम आहे.

दुसऱ्या दिवशी तिचं वाक्य मी फळ्यावर तिच्याच शब्दांत लिहिलं आणि त्याखाली पुस्तकातलं. दोन्ही वाक्यांतला ‘वाटा’ आणि ‘अंश’ मुलांनी रेघेनं जोडला. मग तिला पुस्तकातलं वाक्य वाचायला सांगितलं. अडखळत का होईना, तिनं ते वाचलं. पुढच्या आठवड्यात दशांश अपूर्णांक सुरू झाले, आणि ती तिसऱ्या बाकावर येऊन बसली. तिला तिथं बसायला कोणी सांगितलं नव्हतं.